बोंडल्यातलं पाणी

फादरनी रबराच्या पिशवीला बाप्तिस्मा दिला तेव्हा राधा फिसकन हसली आणि तिच्यामागोमाग मीही हसले. शेकायची लाल पिशवी, अर्धी भरलेली, उशीवर ठेवलेली. ते बाळाचं डोकं. हसण्यासारखंच होतं. आमच्या प्रसूतिगृहात येणाऱ्या निम्म्या बाया चकाला, मरोळ, सहारच्या गावठाणांतल्या, ख्रिस्ती. जन्मलेलं मूल हाती लागत नाही असं दिसलं आणि फादर येईपर्यंत थांबणं शक्य नसलं, तर जवळ असेल त्यानं डोक्यावर पाणी घालून त्याला बाप्तिस्मा द्यायचा, देणारा हिंदू असला तरी चालतो, हे मी वीस वर्षांपासून जाणते. पण त्यांच्या धर्मात अलीकडे पुष्कळ बदल झाले, प्रार्थना लॅटिनमधून मराठीत आल्या, म्हणून देवळाकडून, म्हणजे त्यांच्या चर्चकडून, हा तरुण फादर आला होता आणि डॉक्टरबाईंनी दुपारी तीन वाजता आम्हा चौघींना त्याच्यापुढे बसवलं होतं. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. पाणी साधं हवं, म्हणाला. गुलाबपाणी नको, ग्लुकोज नको. कातडीवर पडलं पाहिजे आणि वाहिलं पाहिजे, नुसता ओला बोळा फिरवून उपयोग नाही. मी परीक्षकासारखी मान हलवत होते. राधा या वर्षीच लागलेली, तिच्याकडे बघून मी डोळ्यांनीच दटावत होते की बघ, नीट ऐक, मला हे सगळं येतं. मग पिशवी पुसता पुसता तो म्हणाला, "आणि पाणी ओतेल त्यानंच शब्द म्हणायचे बरं का. एकीनं ओतायचं आणि दुसरीनं म्हणायचं असं चालत नाही. तसं केलं तर तो बाप्तिस्मा होतच नाही."

मला प्रथम वाटलं, हा चुकला. नवीन आहे, पाठ करून आलाय, काहीतरी गाळलं असेल. मी विचारलं, "ओतणारीनं मनापासून ओतलं, म्हणणारीनं मनापासून म्हटलं. दोघी एकाच खाटेपाशी. तरी नाही?"

"तरी नाही, सिस्टर."

"का पण?"

त्यानं चष्मा काढला. "हे एका माणसाचं काम आहे. दोघांत वाटून घेता येत नाही. एकानं चावायचं आणि दुसऱ्यानं गिळायचं, असं जेवण होतं का?"

राधा पुन्हा हसली. मी विचारलं, "आणि ठाऊक नव्हतं म्हणून तसं झालं असलं तर?"

"मूल जगलं असेल तर पुन्हा द्यायचा. त्यात काही अवघड नाही."

"आणि जगलं नसेल तर?"

पोरगा वाईट नव्हता, उत्तर देताना माझ्याकडे बघवेना त्याला, पिशवीकडे बघून बोलला. "मग आपण ते देवाच्या दयेवर सोपवतो. देवाची दया फार मोठी आहे, सिस्टर."

हे वाक्य मला ओळखीचं आहे. लेबररूमच्या बाहेर येऊन, तोंडावरचं फडकं खाली करून, 'आता देवाच्या हातात आहे' असं मी किती नवऱ्यांना आणि किती सासवांना सांगितलं असेल. आपल्या हातात काही उरलं नाही की आपण ते देवाच्या हातात आहे असं म्हणतो. ऐकणाऱ्यालाही ते बरोबर कळतं, बायका नेमक्या त्याच वाक्याला रडायला लागतात. मी रडले नाही. उठले, पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं आणि ती उलटी टांगून ठेवली.

संध्याकाळी सहाला ड्यूटी संपायची होती आणि तिथून मला इसबेलकडे जायचं होतं. तोवर तीन तास. मी स्टरिलायझर लावला, कात्र्या आणि चिमटे उकळायला टाकले आणि त्या पाण्याकडे बघत उभी राहिले. बुडबुडे तळापासून सुटायला लागले. इसबेल माझी मैत्रीण. मैत्रीण म्हणायलाही आम्हाला बरीच वर्षं लागली, आधी ती पेशंट होती. पंचावन्न साली चकाल्याच्या गावठाणातून तिला तिच्या नवऱ्यानं, पास्कोलनं, बैलगाडीत घालून आणलं होतं. सातवा महिना. वार अर्धी सुटलेली, खाली रक्ताची धार. डॉक्टरबाई मोठ्या हॉस्पिटलची गाडी मिळवायला फोनवर ओरडत होत्या, आमची आया अंजनाबाई इसबेलचं पोट दाबून धरून होती, आणि मी ते पोर हातात घेऊन होते. मुलगा. माझ्या ओंजळीत मावून जागा उरेल एवढा, निळा, आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ते जगणार नाही हे मला कळलं आणि माझ्या तोंडाकडे बघून इसबेललाही कळलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "बाय, पानी घाल त्याला. आमचं पानी. लवकर घाल."

मी उकळून निववलेलं पाणी बोंडल्यात घेतलं. तान्ह्याला दूध पाजायचं बोंडलं, पितळी, चोचीचं, माझ्या आईनं मला दिलेलं. ते मी नेहमी कामावर ठेवायची. एका हातावर पोर, दुसऱ्या हातात बोंडलं. शब्द मला ठाऊक होते. ट्रेनिंगच्या वेळी मेट्रननं आमच्याकडून पाठ करून घेतले होते, एका ओळीचं तर आहे सगळं. पण तोंड उघडलं आणि मी थांबले. त्या थांबण्याचाच विचार आज मी तीन तास करत होते. का थांबले? हात रक्तानं भरलेले, केस मोकळे झालेले, सुवेरातली, विटाळातली मी, आणि त्यातून परधर्माची. तिच्या देवाचं नाव मी कोणत्या तोंडानं घेणार? आमच्याकडे बाबा गिरणीतून आले की अंघोळ केल्याशिवाय देवघरापुढे उभेसुद्धा राहत नसत. सत्यनारायणाला ते पळीनं उदक सोडायचे आणि मंत्र भटजी म्हणायचे. माझ्या लग्नात आईनं कलशातून पाण्याची बारीक धार धरली होती, माझ्या आणि त्यांच्या ओंजळीवर, तेव्हा आईचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि पलीकडे भटजींचं चाललं होतं. पाणी एकाचं, मंत्र दुसऱ्याचा. ज्याला अधिकार आहे त्यानं बोलायचं, ज्याचे हात मोकळे त्यानं ओतायचं. जन्मात मी याहून वेगळं पाहिलंच नव्हतं. मी इसबेलला म्हटलं, "तू म्हण. तुझा देव, तूच म्हण. मी ओतते."

आणि तिनं म्हटलं. तिला तरी कुठं ठाऊक होतं? गावठाणातली बावीस वर्षांची बाई, भाताच्या खाचरात वाढलेली. आवाज येत नव्हता, पण एकेक शब्द नीट म्हटला. "इनास, बापाच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते." मी तीनदा धार धरली, कपाळावर, टाळूवर, कातडीवर; वाहिली, कानामागून माझ्या मनगटावर आली. फादरला विचारा, त्यात एक चूक निघणार नाही. इनास हे तिच्या सासऱ्यांचं नाव. त्यानंतर तो चाळीस मिनिटं होता.

इसबेलच्या उजव्या हाताला फळी बांधून सलाईन लावलेलं होतं. डावा हात मोकळा होता. आज अठरा वर्षांनी, चिमट्यांच्या उकळत्या पाण्यासमोर, मला तो हात दिसला. तो चादरीवर पडलेला होता, तळवा वर. मी बोंडलं त्या हातात दिलं असतं, वरून माझ्या हातानं आधार दिला असता, किंवा नुसती तिची दोन बोटं पाण्यात बुडवून पोराच्या कपाळावर टेकवून पाणी वाहू दिलं असतं, तर काम झालं असतं. किंवा मी सोवळंओवळं बाजूला ठेवून ती एक ओळ तोंडातून काढली असती तरी झालं असतं. दोन्हींतलं काहीही. एक ओळ किंवा एक हात. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण निदान मारुती तरी होतो. इथं काहीच झालं नाही. एक पोर ओलं झालं, एवढंच.

राधानं येऊन विचारलं, "सिस्टर, पाणी आटलं ना, बंद करू?" मी तिच्यावर उगाच ओरडले. चिमटे कोरडे पडून काळे झाले असते, तिचं बरोबर होतं, म्हणूनच ओरडले. मी कडक आहे असं सगळ्या म्हणतात. आहेच. नाळ बांधायचा दोरा उकळला नाही आणि पोराला धनुर्वात झाला, तर 'चुकून झालं' म्हणणाऱ्या नर्सला मी उभी करत नाही. हेतू चांगला होता म्हणून धनुर्वात परत जात नाही. वीस वर्षं मी हेच शिकवत आले. त्यामुळे फादरचं म्हणणं मला पटकन पटलं, हीच माझी पंचाईत झाली. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, जाऊ दे ना गं, देव काय एवढा नियमावर बोट ठेवून बसलाय? मला तसं म्हणता येईना. नियम असला की त्याच्या मागे कोणाचं तरी मेलेलं पोर असतं, असं माझं डोकं चालतं.

आणि इनास एकटा असता तरी कसं तरी गिळलं असतं. त्या दिवशी मी जे केलं त्याचा मला अभिमान वाटला होता. पुढे जेव्हा जेव्हा तशी वेळ आली तेव्हा तेव्हा मी तसंच केलं. आई शुद्धीवर नसली तर आजीला दारात उभी करायची, आजी नसली तर बापाला बोलवायचं, 'तुम्ही म्हणा, मी ओतते.' मरोळची ती जुळी, त्यांतलं थोरलं. सहारच्या शिंप्याची मुलगी, तिला सहावं बोट होतं. एका ड्रायव्हरचा मुलगा, त्याचा बाप शब्द विसरला आणि मी त्याला पहिला शब्द सुचवला. सुचवला, म्हणजे तेवढं तोंड उघडलं होतं, आणि पुढचे म्हणायला त्याच्यावर सोडले. बायका नंतर येऊन माझे हात धरायच्या. एकीनं नाताळला केक आणला होता. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायची, मी हिंदू आहे, पण तुमच्या देवाचं काही उष्टं केलं नाही, एक अक्षर माझ्या तोंडून गेलं नाही. त्या सगळ्या पोरांना मी देवाच्या उंबऱ्यापर्यंत नेलं आणि दार लावून परत आले.

खरं म्हणजे मला काय त्याचं? हेही मनाला विचारून पाहिलं. माझा यावर विश्वास नाही. आमच्यात तान्ह्या पोराला काही लागत नाही. अग्नी नाही, पिंड नाही, श्राद्ध नाही. पुरायचं आणि घरी यायचं. ते परत त्याच कुशीत येतं असं आई म्हणायची, म्हणजे रडणं लवकर थांबतं. मला मूल झालं नाही, लग्नानंतर तिसऱ्या वर्षीच आमचे हे टीबीनं गेले, त्यामुळे ते खरं की खोटं हे मला बघायला मिळालं नाही. पण विश्वास माझा नसला म्हणून काय झालं? पोरही माझं नव्हतं. ज्यांचं पोर त्यांचा विश्वास. दुसऱ्याच्या घरची पूजा आपण अंगावर घेतली तर ती त्यांच्या रीतीनं व्हायला हवी, आपल्या रीतीनं करून भागत नाही. इसबेलनं एकदा मला सांगितलं होतं, पाणी न पडलेली पोरं कुठं जातात ते. लिंबो म्हणतात त्या जागेला. तिथं काही दुखत नाही, भूक नाही, रडू नाही. फक्त देव नाही आणि आपलं कोणी तिथं येत नाही. मी म्हटलं होतं, म्हणजे आमची बेबीरूमच की गं, भेटायच्या वेळेनंतरची. तेव्हा ती हसली होती. म्हणाली होती, आमचा इनास तिथं नाय, बाय, तू पानी घातलंस ना. हे तिनं म्हटलं होतं की मी म्हटलं होतं, आज आठवेना. बहुतेक मीच म्हटलं होतं.

सहाला निघाले. कुर्ला रोडवर वर्कशॉपं सुटत होती, सायकलींची रांग लागली होती. दुष्काळाचं वर्ष, नळाला दिवसातून तासभर पाणी, कोपऱ्यावरच्या नळापाशी हंडे माणसांसारखे बसून होते. मी रोजच्या वाटेनं चालले होते आणि रोजच्या वाटेचा मला राग येत होता. इसबेलला यकृताचा कॅन्सर. मोठ्या हॉस्पिटलनं तिला घरी पाठवली त्याला तीन आठवडे झाले. पास्कोल मागेच गेला. ती भावाच्या घरी आहे, पुढच्या खोलीत, आणि मी रोज संध्याकाळी जाऊन तिला दुखण्याची सुई देते. तिची एकच इच्छा उरली आहे, इनास भेटावा. इनासला जिथं पुरला, त्या देवळामागच्या पोरांच्या ओळीत, त्याच मातीत तिला जागा मिळायची नाही, ते तिला ठाऊक आहे. पण वर तो आहे, अठरा वर्षांचा की चाळीस मिनिटांचा ते तिला नक्की सांगता येत नाही, आणि तो तिला न्यायला येणार आहे. भावजय काँजीची, तांदळाच्या पेजेची, वाटी घेऊन उभी असते आणि इसबेल भिंतीशी त्याच्याबद्दल बोलत असते. दुखणं वाढलं की म्हणते, येतंय रे बाबा, जरा थांब.

आणि सुई देऊन झाली की मला म्हणते, सांग. हे आताचंच नाही. अठरा वर्षं दर वर्षी त्याच्या तारखेला ती मला घरी बोलवायची, फुगिया, आंबवलेल्या मैद्याचे गोळे, तळायची, आणि जेवणं झाली की म्हणायची, सांग गो बाय, कसं कसं झालं ते. मी सांगायची. बोंडलं, पाणी, तीन धारा, माझ्या मनगटावर आलेला ओघळ. पोरांना गोष्ट पाठ असली तरी परत ऐकायची असते, तसं. शेवटी तिचा एक ठरलेला प्रश्न असे. "आनि तू काय बोललीस गो तेव्हा?" मी सांगायची, "मी काही नाही. एक अक्षर काढलं नाही मी." मग ती विचारायची, "ओठ पन नाय हलले?" आणि मी म्हणायची, "नाही हो बाई, शपथ. तुझ्या देवाचं नाव मी कशाला घेऊ?" ती "बरं" म्हणायची आणि ताटं उचलायला उठायची. मला वाटायचं, मी त्यांच्या देवाचा मान राखला याचं तिला बरं वाटतं, म्हणून परत परत वदवून घेते. मी ते 'नाही' दर वर्षी जास्त ठासून म्हणायची.

गावठाणाच्या तोंडाशी क्रूस आहे, त्याच्या पायरीवर कोणीतरी झेंडू वाहिलेले असतात. तिथं मी थांबले आणि ठरवलं. आज तिनं विचारलं की सांगायचं, मीही म्हणत होते. हळू, ओठांतल्या ओठांत, तुझ्याबरोबर. खोटं तर खोटं. तिला नियम ठाऊक नाही, तिला त्याचं काही वाटणार नाही. पण चार दिवसांनी ती जिथं जायची तिथं कोणी तिला विचारलंच, की ओतणारी काय म्हणत होती, तर तिच्या तोंडी बरोबर उत्तर असावं. ती खोटं बोलणार नाही, मला खोटं बोलता येईल, आणि माझी तिथं चौकशी होण्याचा प्रश्न नाही. हा विचार आता लिहिताना मूर्खपणाचा वाटतो. तेव्हा त्या क्रुसापाशी मला तो इतका सरळ वाटला की पाय हलके झाले. वीस वर्षांत मी पेशंटला बरं वाटावं म्हणून शेकडो वेळा खोटं बोलले आहे. त्यात मी तरबेज आहे.

इसबेल जागी होती. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट वर आलेलं, हातापायांच्या काड्या. खोलीत नीलगिरीचा आणि तिच्या अंगाचा वास. आल्तारवर, म्हणजे भिंतीतल्या त्यांच्या देव्हाऱ्यावर, भावजय दिवा लावत होती. मी सुई उकळली, दंडावर जागा शोधली, दिली. तिला आता पेल्यानं पिता येत नाही, म्हणून मी माझं बोंडलं गेल्या आठवड्यात तिच्याकडे आणून ठेवलंय. चोचीनं थोडं थोडं पाणी सोडलं की गिळते. तेच बोंडलं. उशाशी वाटीवर झाकण म्हणून पालथं घातलेलं होतं. रोज मी ते हातात घेते, आज घेववेना.

भावजय आत गेली. इसबेल म्हणाली, "सांग."

मी सांगितलं. पंचावन्न साल, बैलगाडी, अंजनाबाई. माझा आवाज रोजच्यासारखाच होता. बोंडल्याशी आले, धारांशी आले, मनगटाशी आले, आणि थांबले. ती छताकडे बघत होती. छताच्या कौलांत एक काचेचं कौल आहे, त्यातून संध्याकाळचा उजेड तिच्या पांघरुणावर पडतो.

"आनि तू काय बोललीस गो तेव्हा?"

"तू म्हणत होतीस ना," मी म्हटलं, "तेव्हा मीही म्हणत होते. हळूच. ओठांतल्या ओठांत. सगळं म्हटलं, शेवटपर्यंत."

तिनं मान वळवली. आठ दिवसांत तिनं स्वतःहून मान वळवली नव्हती. तिचे डोळे मोठे झाले, आणि त्या पिवळ्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, झालं, साधलं, हिनं खरं धरलं ते. एवढा आनंद मी लेबररूममध्येसुद्धा क्वचितच पाहिलाय. तो किती वेळ होता? दोन श्वास, तीन श्वास. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला तिची नजर पेलवेना. मी सुई डब्यात ठेवायला वळले. तेवढ्यात तिचा चेहरा बदलला असणार, कारण परत बघितलं तेव्हा ती पुन्हा छताकडे बघत होती.

"कोनी सांगितलं तुला?" ती म्हणाली.

"काय कोणी सांगितलं?"

"बाय. मी मरतंय. मना नको फसवू."

मी खाटेच्या कडेला बसले. म्हटलं, "आज दुपारी एक फादर आला होता. नर्सांना शिकवायला."

"हां," ती म्हणाली. मग एकेक वाक्य, मध्ये दम घेत. "इनास गेला ना, त्याच्या पुढल्या, इस्टराच्या आदीच्या उपवासात एक मिशनरी आला व्हता देवळात. त्यानं सांगितलं. ओतनारा नि बोलनारा येकच पायजे. मी कोनाला नाय बोलली. पास्कोलला नाय, फादरकडं कन्फेशनला पन नाय. बोलली असती तं पोराला मातीतनं काढून कुपनाच्या भायेर टाकला असता. तवाच्या टायमाला काढायचे."

"म्हणजे सतरा वर्षं तुला—"

"तुला इच्यारायची ना मी. दर वर्साला."

फुगियांची ताटं दिसली, तिचं 'बरं' ऐकू आलं, आणि माझं ते ठासून म्हटलेलं 'नाही', शपथेसकट, दर वर्षी, तिच्या घरात बसून, तिचं अन्न खाऊन. ती वाट बघत होती. एकदा तरी मी म्हणेन की हो, हलले असतील ओठ, आठवत नाही नीट, हललेच असतील. तेवढ्यावर ती जगली असती. आणि आता मरायलाही तिला तेवढंच पुरलं असतं.

"मला सांगायचंस," मी म्हटलं. "तेव्हाच सांगायचंस, इसबेल."

"सांगितलं असतं तं तू हो बोलली असतीस. मना बरं वाटावं म्हनून. आज बोललीस तशी." ती श्वासासाठी थांबली. "ठावं नसताना हो बोलायला पायजे व्हतं गो. काल बोलली असतीस तरी मी इस्वास ठेवला असता."

बाकीची पोरं माझ्या डोळ्यांपुढे आली. ती जुळी, ते सहावं बोट, तो शब्द विसरलेला बाप. प्रत्येकाची गोष्ट मी तिला येऊन सांगितली होती, आणि ती ऐकून घेत होती, आणि गप्प होती. मी म्हटलं, "आणि इतरांची पोरं? मी तुला सांगत होते सगळं. त्यांना तरी—"

"ठावं हाय मना," इसबेल म्हणाली.

तिनं एवढंच म्हटलं. मला तिचा राग यायला हवा होता, आणि आलाही, छातीत भरून आला, पण तिच्या त्या काडीसारख्या हाताकडे बघून तो कुठं ठेवायचा ते कळेना. आपल्या एका पोरासाठी तिनं इतरांच्या पोरांचं काय होतंय ते बघितलं नाही. मीही माझ्या एका अभिमानासाठी काय काय बघितलं नव्हतं. दोघीही चांगल्या बाया, गावठाणात कोणालाही विचारा.

देवळाची संध्याकाळची घंटा झाली. आतल्या खोलीत भावजयीनं प्रार्थना सुरू केली, पोरांनी मागून सूर धरला. रोज इसबेलचे ओठ त्यांच्याबरोबर हलतात, आवाज नसला तरी. आज मी बघत होते. हलले नाहीत. माझे ओठ हलत होते. ती एक ओळ, बापाच्या आणि पुत्राच्या, मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं म्हणत होते, आणि ती संपली की परत पहिल्यापासून, आणि समोर ना पोर होतं ना पाणी. इसबेलनं ते पाहिलं असेल. तिनं डोळे मिटून घेतले.

"पानी दे," थोड्या वेळानं म्हणाली.

मी बोंडलं सुलटं केलं, वाटीतलं पाणी त्यात घेतलं आणि चोच तिच्या ओठांशी टेकवली. पाणी बारीक धारेनं आत गेलं. थोडं गिळलं. बाकीचं ओठांच्या कडेनं बाहेर आलं, गालावरून कानामागं गेलं, तिथून माझ्या मनगटावर. मी धार थांबवली नाही, बोंडलं रिकामं होईपर्यंत धरून ठेवली.